आठ आठवड्यांची हमी

आजारी मुलासाठी पैसे उभे करण्याची आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. नातेवाइकांकडून उसनवारी, गावातली वर्गणी, देवस्थानाच्या ट्रस्टचा धनादेश, आमदारांच्या शिफारशीसह मुख्यमंत्री सहायता निधीला केलेला अर्ज आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर कोड. मुलाच्या हृदयाला छिद्र असेल तर ही रीत कामी येते. रक्कम मोठी असली तरी एकदाच लागते. शस्त्रक्रिया होते, मूल घरी येतं. पण ज्या मुलाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह, तीव्र स्वरूपात झाला आहे त्याला अशी एकरकमी मदत पुरत नाहीच, कधी कधी ती अंगलटही येते. या आजारावरच्या सर्वांत परिणामकारक औषधाचे दोन डोस वर्गणीतून मिळाले आणि तिसऱ्याला पैसे संपले, तर ते औषध त्या मुलासाठी कायमचं निकामी होऊ शकतं.

याचं कारण औषधाच्या स्वभावातच आहे. इन्फ्लिक्सिमॅब हे गोळीतलं साधं रसायन नाही. ते उंदराचा आणि माणसाचा अंश जोडून तयार केलेलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे आणि आतड्यात दाह भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला ते बांधून ठेवतं. शिरेवाटे पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, सहाव्या आठवड्यात तिसरा आणि त्यानंतर दर आठ आठवड्यांनी एक, असा त्याचा क्रम. रक्तातली पातळी टिकून राहिली तर शरीर बहुधा ते मुकाट स्वीकारतं. मध्ये मोठा खंड पडला की मात्र शरीर त्याला परकं ठरवून त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं. मग पुढचा डोस लागू पडत नाही, आणि तो चढवताना धाप लागणं, अंगावर गांधी उठणं, रक्तदाब कोसळणं असे प्रकार होऊ शकतात. प्रौढ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत, त्रास होईल तेव्हाच औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांत अशी प्रतिपिंडं सापडली. नियमित घेणाऱ्यांत हे प्रमाण जेमतेम १० टक्क्यांच्या घरात होतं.

मुलांच्या बाबतीतला पुरावा आणखी बोलका आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रीच’ या चाचणीत मध्यम ते तीव्र क्रोन्सच्या ११२ मुलांना इन्फ्लिक्सिमॅब दिलं गेलं. दहाव्या आठवड्यापर्यंत ८८ टक्के मुलांना फरक पडला. पुढे ज्यांना फरक पडला होता त्यांचे दोन गट केले: एकाला दर आठ आठवड्यांनी औषध, दुसऱ्याला दर बारा आठवड्यांनी. वर्षअखेर पहिल्या गटातली सुमारे ५६ टक्के मुलं आजाराच्या तडाख्यातून बाहेर होती, दुसऱ्या गटातली फक्त २४ टक्के. औषध तेच, मुलंही तशीच. फरक फक्त चार आठवड्यांच्या उशिराचा. आपल्याकडे पैशांची जुळवाजुळव करता करता डोस चार आठवडे पुढे जाणं ही नवलाची गोष्ट नाही.

म्हणून या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे, की तीव्र आजाराच्या मुलांसाठी शासनाने एकरकमी मदतीचा विचार सोडून अखंड पुरवठ्याची हमी घ्यावी, आणि ती सुरुवातीपासून घ्यावी. स्वस्त औषधांनी दोन-तीन वर्षं नासल्यावर नव्हे.

ही दोन-तीन वर्षं कशी जातात तेही पाहायला हवं. मुलाला शौचावाटे रक्त पडू लागलं तर घरात पहिला तर्क आव पडल्याचा असतो, नाहीतर जंतांचा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मूळव्याधीचं औषध चालू असल्याचंही ऐकायला मिळतं. गुदद्वाराशी भगंदर झालं तर सर्जनकडे किंवा क्षारसूत्रासाठी वैद्यांकडे नेलं जातं; शस्त्रक्रिया होते, जखम भरत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया होते. लहान मुलाचं भगंदर क्रोन्सचं असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. कोलोनोस्कोपीपर्यंत पोचल्यावरही वाट सरळ नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दुर्बिणीतून, कधी कधी तर बायॉप्सीच्या काचपट्टीवरही, इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरसुद्धा थबकतात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात असल्याने आधी क्षयाची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहायची, हा आपल्याकडचा रिवाज. तो चुकीचा नाही. पण ते दोन-तीन महिने सहा किंवा नऊ होतात तेव्हा नुकसान मुलाचं होतं.

मग येतात स्टिरॉइड. प्रेडनिसोलोनची गोळी काही रुपयांत मिळते आणि खरोखर जादू करते. आठवड्याभरात जुलाब थांबतात, भूक लागते, आईवडिलांच्या जिवात जीव येतो. या गोळ्यांना शिव्या घालण्याचा माझा हेतू नाही. तातडीच्या वेळी त्यांना तोड नाही. अडचण अशी, की क्रोन्समध्ये त्या आतड्याच्या आतलं अस्तर नीट भरून आणत नाहीत आणि बंद केल्या की बऱ्याच मुलांचा आजार पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून पुन्हा सुरू, पुन्हा कमी, पुन्हा सुरू. दरम्यान चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होऊ शकते आणि उंची थांबते. प्रौढ माणसाला दोन वर्षं स्टिरॉइड दिली तर त्याचं नुकसान होतं, पण त्यातलं बरंचसं पुढे भरून काढता येतं. बारा वर्षांच्या मुलीची ती दोन वर्षं तिच्या उंचीची असतात. पौगंडावस्थेत हाडांची वाढीची टोकं एकदा बंद झाली की जगातलं कुठलंही औषध ती पुन्हा उघडू शकत नाही. मुलांच्या आजाराचा हिशेब मोठ्यांच्या हिशेबापेक्षा वेगळा मांडायचा तो यासाठी.

युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी हा हिशेब मांडला आहे. त्यांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भगंदर असलेली, आतडं अरुंद झालेली किंवा फुटलेली, वाढ खूप खुंटलेली, आजार सगळ्या आतड्यांत पसरलेली मुलं ही जास्त धोक्याची. त्यांना टीएनएफविरोधी औषध सुरुवातीलाच द्यावं. क्रोन्सच्या बाकीच्या मुलांना सहा ते आठ आठवडे केवळ द्रवरूप पोषणावर ठेवावं. हा उपचार स्टिरॉइडइतकाच गुणकारी आहे आणि वाढीला मारक नाही. (अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र तो चालत नाही.) दोन महिने पोळी-भाजी नाही, वरणभात नाही, सणाचं गोडधोड नाही, फक्त डब्यातल्या पावडरीचं दूध, घरातल्या सगळ्यांचीच कसोटी लागते. आणि ते डबे महिन्याच्या किराण्यापेक्षा महाग पडतात. कुपोषित बालकांसाठी शासन उपचारात्मक आहार पुरवतंच. त्याच साखळीत हे डबे का असू नयेत, हा प्रश्न फारसा कुणी विचारलेला नाही.

सुरुवातीलाच महागडं औषध देण्याविरुद्ध एक आक्षेप असा, की त्यात घाई होते. नेदरलँड्समध्ये मुख्यतः झालेली ‘टिसकिड्स’ ही चाचणी या आक्षेपाला तपासून पाहते. मध्यम ते तीव्र क्रोन्सची १०० मुलं. अर्ध्यांना पहिल्यापासून इन्फ्लिक्सिमॅबचे पाच डोस, अर्ध्यांना रूढ उपचार म्हणजे द्रव पोषण किंवा स्टिरॉइड. दहाव्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ५९ टक्के मुलांचा आजार शमला होता, दुसऱ्यातल्या ३४ टक्के मुलांचा. मात्र वर्ष संपताना दोन्ही गटांत बरी असलेली मुलं जवळपास सारखीच भरली. इथे टीकाकार म्हणतील, बघा, शेवटी सारखंच. पण रूढ उपचारांच्या गटातली ही बरोबरी आली कुठून? त्यातल्या बऱ्याच मुलांना वर्षभरात उपचार वाढवून द्यावे लागले, म्हणजे नंतर का होईना, तेच औषध त्यांच्या वाट्याला आलं. वाढीव उपचारांशिवाय बरी राहिलेली मुलं पहिल्या गटात ४१ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. नेदरलँड्समध्ये पहिला उपाय फसला तर दुसरा हाताशी असतो. तिथलं ‘थोडं थांबून पाहू’ परवडण्याजोगं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या मुलाच्या बाबतीत थांबून पाहण्याचा अर्थ स्टिरॉइडच्या पुढच्या फेऱ्या, एवढाच होतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा तीव्र झटका हे तर याहून निकडीचं प्रकरण. शिरेतून स्टिरॉइड दिल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ठरवायचं असतं: उतार पडतोय की नाही. अशा १२८ मुलांच्या अभ्यासात २९ टक्के मुलांना स्टिरॉइड पुरेसं पडलं नाही. ज्या ३३ जणांना मग इन्फ्लिक्सिमॅब दिलं त्यांतली ७६ टक्के सावरली. न सावरलेल्यांचं मोठं आतडं काढून टाकावं लागतं. म्हणजे बापाला दोन दिवसांत औषधाचे पैसे उभे करायचे असतात, आणि नाही जमले तर मुलाच्या पोटाला मलाची पिशवी लागते. यातली चमत्कारिक बाब अशी, की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आतड्याच्या शस्त्रक्रिया बसतात. योजनेचा सांगाडाच दाखल झालेल्या रुग्णाचा आणि ठरीव पॅकेजचा आहे. वर्षाला प्रति कुटुंब पाच लाखांची मर्यादा कागदावर ऐसपैस असली तरी दर आठ आठवड्यांनी दोन-तीन तास खुर्चीत बसून औषध घेऊन घरी जाणारा मुलगा त्या सांगाड्यात नीट मावत नाही. खासगी विम्यातही तेच. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांचा समावेश पॉलिसीत असलाच पाहिजे असं बजावलं खरं, पण सोबत उपमर्यादा घालायची मुभाही दिली.

आता किमतीकडे वळू, कारण सगळी चर्चा तिथेच अडते. हे औषध अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ साली मंजूर झालं, मुलांसाठी २००६ मध्ये. तेव्हा त्याची किंमत ऐकून आपल्याकडे विषयच संपत असे. आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. याच कुळातल्या अडॅलिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती प्रत, अहमदाबादच्या झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आणलं, आणि ते अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. इन्फ्लिक्सिमॅबची बायोसिमिलरही इथे मिळतात. ही ‘नक्कल’ खरोखर तेवढीच चालते का, ही शंका नॉर्वेने सरकारी खर्चाने तपासली: ४८२ रुग्णांपैकी अर्ध्यांना मूळ औषधावरून बायोसिमिलरवर नेलं आणि त्यांची तब्येत बाकीच्यांपेक्षा खालावली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अडॅलिम्युमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आणि ज्या आजारांसाठी घेतलं त्यांत क्रोन्सचं नाव आहे. तेव्हा ‘हे श्रीमंत देशांचं औषध’ हे वाक्य आता जुनं झालं.

तरी ते स्वस्त नाही. पण महाग पडण्यामागे आपला वाटाही आहे, आणि तो कमी करता येण्याजोगा आहे. साधं गणित करू. इन्फ्लिक्सिमॅबची कुपी १०० मिलिग्रॅमची. डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम. वाढ खुंटलेला मुलगा २२ किलोंचा असेल तर त्याला लागतात ११० मिलिग्रॅम. म्हणजे दुसरी कुपी फोडायची, तिच्यातले १० मिलिग्रॅम वापरायचे आणि ९० फेकून द्यायचे. पहिल्या वर्षात आठ डोस येतात. बाप सोळा कुप्या विकत घेतो आणि मुलाच्या अंगात नऊ कुप्यांपेक्षा कमी औषध जातं. (लहान मुलांना किलोमागे जास्त मात्रा लागते हे खरं, त्याने आकडे बदलतात, नासाडी उरतेच.) आता अशीच पाच मुलं एका रुग्णालयात एकाच दिवशी बोलावली आणि निर्जंतुक पद्धतीने कुप्या वाटून घेतल्या, तर दहाऐवजी सहा कुप्यांत काम भागतं. हे कुठलाही एकटा बाप करू शकत नाही. ते फक्त एखादी यंत्रणाच करू शकते, आणि सरकारने हे औषध एकत्र विकत घेण्याच्या बाजूने मला याहून मोठा युक्तिवाद दिसत नाही. खरेदीसाठी महाराष्ट्राने २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने उभं केलंच आहे. अनेक उत्पादक असलेलं बायोसिमिलर हे दरकराराला अगदी योग्य असं औषध. इंग्लंडच्या आरोग्य सेवेने २०१८ मध्ये अडॅलिम्युमॅबची बायोसिमिलर येताच उत्पादकांना एकमेकांसमोर उभं करून वर्षाला कोट्यवधी पौंड वाचवले.

असा अखंड, आयुष्यभराचा औषधपुरवठा सरकारला झेपेल का? झेपतो, हे आपण दोनदा पाहिलं आहे. १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली तेव्हाही हीच चर्चा होती, की रोज, जन्मभर, एवढ्या लोकांना कोण पुरवणार. आणि हिमोफिलियाचं उदाहरण तर या प्रश्नाला आणखी जवळचं: दुर्मीळ आजार, महाग प्रथिन, शिरेतून द्यायचं, थंड साखळीत जपायचं. त्यासाठी महाराष्ट्रात ठाणे, नाशिक, सातारा, अमरावती अशा ठिकाणी डे-केअर केंद्रं चालतात. सलाइन लावता येणारी परिचारिका, दोन ते आठ अंशांचा फ्रीज, नोंदवही, हे तिथे आहेच. निदान आणि उपचारांचा आराखडा मुंबई-पुण्या-नागपूरच्या मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाने ठरवावा, आठ आठवड्यांचा डोस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावा. मूल शोधण्याचं कामही कोऱ्या पाटीवर सुरू करायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांत आणि अंगणवाड्यांत जाऊन मुलांचं वजन-उंची घेतातच. वर्षभरात उंची वाढली नाही, पोट दुखतं आणि शौचाला रक्त जातं, या तिन्ही गोष्टी एका मुलात दिसल्या तर त्याला जंताच्या गोळीवर परत पाठवू नये, एवढी ओळ त्या पथकाच्या तक्त्यात घालायला काय लागतं?

क्षयाचा आक्षेप मात्र हलक्याने घेण्यासारखा नाही. टीएनएफ हा क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवणारा पहारेकरी आहे. त्याला बांधलं की झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. इन्फ्लिक्सिमॅब बाजारात आल्यावर तीन वर्षांत, २००१ मध्येच, अशा ७० रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. आपल्या देशात हा धोका कैक पटींनी जास्त. म्हणून औषध सुरू करण्याआधी मॅन्टू किंवा रक्तातली इग्रा चाचणी, छातीचा एक्स-रे, घरात कुणाला क्षय होता का याची चौकशी. सुप्त क्षय आढळला तर आधी प्रतिबंधक उपचार. राहिलेल्या जिवंत लसी आधीच टोचून घ्यायच्या, कारण नंतर त्या देता येत नाहीत. पण हा आक्षेप मला सरकारी व्यवस्थेच्या विरोधात जाणारा वाटत नाही, उलट बाजूने जाणारा वाटतो. आज एखादं कुटुंब उसनवारीने औषध विकत घेऊन गावातल्या नर्सिंग होममध्ये चढवून घेतं, तेव्हा या चाचण्या कोण तपासतं आणि पुढे सहा महिन्यांनी खोकला आला तर कोण लक्ष ठेवतं? क्षय कार्यक्रमाशी जोडलेलं सरकारी केंद्रच ते करू शकेल.

दुसरा धोका कर्करोगाचा. अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी जुनी, स्वस्त गोळी आणि टीएनएफविरोधी औषध एकत्र घेणाऱ्यांत, विशेषतः तरुण मुलांत, एका फार दुर्मीळ पण जीवघेण्या लिम्फोमाची नोंद आहे. तो आकडा अत्यल्प असला तरी पालकांना सांगायलाच हवा. मात्र तो सांगताना स्वस्त पर्यायाचे धोके गाळता येणार नाहीत. अ‍ॅझाथायोप्रिनने काही मुलांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कोसळतात. त्यामागे बऱ्याचदा एनयूडीटी-१५ या जनुकातला बदल असतो आणि तो युरोपीय लोकांपेक्षा आपल्यात कितीतरी जास्त आढळतो. ‘जुनं औषध म्हणजे सुरक्षित औषध’ ही आपली समजूत पाश्चात्त्य आकडेवारीवर पोसलेली आहे.

एक मोह इथेच नोंदवून ठेवतो. टोफासिटिनिब ही गोळी भारतात आता बरीच स्वस्त मिळते, आणि लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी तीव्र कोलायटिसच्या १०४ प्रौढ रुग्णांवर ती स्टिरॉइडसोबत वापरून उत्तम निकाल दाखवले: ८३ टक्के विरुद्ध ५९ टक्के. संशोधन महत्त्वाचं आहे आणि ते भारतात झालं याचा आनंदही आहे. पण मुलांत या गोळीचा अनुभव अजून थोडा आहे. खर्चाच्या दडपणाखाली ती सर्रास मुलांना देऊ लागलो तर पुरावा आणि परवडणं यांची पुन्हा गल्लत होईल. तिची मुलांवरची चाचणी इथेच व्हावी. तोवर ती तज्ज्ञाच्या हातातच असावी.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप. नंदुरबार-मेळघाटात मुलं कुपोषणाने दगावत असताना मोजक्या मुलांच्या आतड्यांवर एवढा खर्च का? याला ‘दोन्ही करा’ हे उत्तर सोपं आहे आणि अप्रामाणिकही, कारण अंदाजपत्रकात रकाना एकच असतो. माझं उत्तर मर्यादेत आहे. हा हक्क सरसकट नको. भगंदर, खुंटलेली वाढ, अरुंद आतडं, स्टिरॉइड न लागू पडणारा तीव्र झटका, एवढ्याच निकषांवर, दोन तज्ज्ञांच्या सहीने, आणि दरवर्षी फेरतपासणी करून तो द्यावा. गुण येत नसेल तर औषध बंद करण्याचा नियमही त्याच कागदावर असावा. सरकारी योजनांना सुरू करायचं कळतं, थांबवायचं कळत नाही. अशा मुलांची संख्या एखाद्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी निघेल असा माझा कयास आहे, आणि तो खरा की खोटा हे नोंद ठेवायला लागल्यावर वर्षभरात कळेल. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मोजावं: वारंवारच्या भरत्या, रक्त चढवणं, शस्त्रक्रिया, बुडालेली शाळा आणि मुलासोबत प्रत्येक खेपेला बुडणारी आईची किंवा बापाची मजुरी.

आणि समजा हे सगळं झालं, तरी वयाचा एक प्रश्न राहतोच. बालआरोग्याच्या सगळ्या योजना अठराव्या वर्षी संपतात. हा आजार संपत नाही. सतराव्या वर्षी आठ-आठ आठवड्यांच्या औषधावर बारावीची परीक्षा दिलेल्या मुलाला अठराव्या वाढदिवसानंतर मोठ्यांच्या विभागात नवा केसपेपर काढून पहिल्यापासून रांगेत उभं केलं, आणि त्यात दोन डोस चुकले, तर प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढं पुरतं. म्हणून निकष लिहितानाच हमीचं वय पंचविसाव्या वर्षापर्यंत न्यावं, आणि हस्तांतराच्या काळात दोन्ही विभागांनी मिळून त्याला पाहावं.